तुमचे ऑल टाइम फेव्हरेट मराठी सिनेमे कुठले? नुसती नावं नकोत, कारण सांगा

रीळवेडा

मंडळी नमस्कार. भाचीला फिल्म एडिटिंग शिकायचंय, ती मागे लागलीये की मामा, मराठीतले बघायलाच हवेत असे सिनेमे सांग. नेटवर याद्या ढिगाने आहेत पण त्यात नुसती नावं असतात, का आवडला ते कोणी लिहीत नाही, आणि निम्म्या याद्या अवॉर्ड बघून केलेल्या. मला तुमचे स्वतःचे हवेत. टीव्हीवर मधूनच लागलेला दिसला तरी हातातलं काम टाकून तुम्ही शेवटपर्यंत बघता, असे. आणि प्लीज एखादा सीन, एखादा नट, काहीतरी नेमकं सांगा.

माझं सांगतो. सगळ्यात वर 'सामना'. जब्बार पटेलांचा पहिला सिनेमा, पटकथा तेंडुलकरांची, निर्माते रामदास फुटाणे, १९७५ ला बर्लिन फेस्टिव्हलच्या स्पर्धेत गेला होता. पण ते सगळं सोडा, मला तो आवडतो निळू फुलेंच्या हिंदुरावासाठी. साखर कारखाना ताब्यात, अख्खं गाव मुठीत, आणि माणूस पाहुणचार करतोय! गावात भरकटत आलेल्या एका दारुड्या मास्तराला घरी ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो, मनापासून गप्पा मारतो. फारसा आवाजसुद्धा चढवत नाही. आणि तो मास्तर, म्हणजे श्रीराम लागू, एकच गोष्ट विचारत राहतो की मारुती कांबळेचं काय झालं. दोघांना एकमेकांबद्दल ओढ वाटते हेच त्यातलं भारी आहे, नुसता व्हिलन आणि हिरो असते तर एवढा टिकला नसता. शेवट सांगत नाही, बघितला नसेल तर बघा.

एक गोष्ट मला फार आवडते यातली. दिग्दर्शक बालरोगतज्ज्ञ, लागू कान-नाक-घशाचे सर्जन, मारुती कांबळे झालेले मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, आणि या सगळ्यांसमोर निळूभाऊ, जे आधी पुण्यात एएफएमसीत, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजात, माळीकाम करायचे. सेवादलाच्या कलापथकातून वर आलेला माणूस, आणि कुठल्याही फ्रेममध्ये तो कोणापेक्षा कमी वाटत नाही.

याच्याबरोबर जोडीने बघायचा तो 'पिंजरा', १९७२ चा, शांतारामबापूंचा. तिथेही लागू मास्तरच आहेत आणि निळू फुलेही आहेत. पन्नास वर्षं होऊन गेली त्यामुळे गोष्ट सांगायला हरकत नाही. आदर्श मास्तर तमाशातल्या बाईच्या नादाने घसरतो, गावाला वाटतं त्याचा खून झाला, गाव त्याचा पुतळा उभारतं, आणि पुढे त्याच्याच खुनाचा आरोप त्याच्यावर येतो. आणि तो गप्प बसतो. गावाची श्रद्धा मोडू नये म्हणून फासावर जायला तयार होतो. आता 'सामना'तला मास्तर आठवा, हासुद्धा खचलेला, दारूत बुडालेला, पण हा गप्प बसत नाही, गावाला त्रास झाला तरी खरं काय ते बाहेर काढायचंच म्हणतो. मधे जेमतेम दोन-तीन वर्षं गेली असतील, तोच नट, तसाच पडलेला मास्तर, आणि खऱ्याचं काय करायचं याचं उत्तर एकदम उलटं. मला वाटतं मराठी सिनेमा त्या दोन-तीन वर्षांत वयात आला.

बाकी 'उंबरठा' आणि 'कोर्ट' माझ्या पहिल्या पाचात आहेतच पण पोस्ट लांबली, ते खाली कोणीतरी लिहीलच. लिहा बिनधास्त.

रंकाळ्याकाठी

भावा एक नंबर धागा काढलास. आमच्याकडं या विषयावर रात्रभर कट्टा चालतो.

माझा सिनेमा 'साधी माणसं'. १९६५, भालजी पेंढारकर. सूर्यकांत आणि जयश्री गडकर, लोहाराचं जोडपं. ऐरणीसमोर ती दोघं, भात्याचा जाळ आणि ते गाणं, सगळ्या महाराष्ट्राला ते गाणं पाठ हाय पण संगीतकार कोण ते किती जणांना म्हाईत हाय? आनंदघन. म्हणजे लतादीदी. नाव बदलून संगीत देत होत्या आणि भालजींच्या पिच्चरला दिलं. आणि शब्द खेबुडकरांचे, ते बी आमच्याच कोल्हापूरचे.

मला तो पिच्चर का आवडतो सांगू का, त्यात काम दिसतंय. घाम दिसतोय. घण घालणारा माणूस खरंच घण घालतोय असं वाटतंय. आत्ताच्या पिच्चरमध्ये शेतकरी दाखवत्यात आणि त्याचं धोतर परीटघडीचं असतंय. जयश्रीबाईंच्या तोंडाकडं बघा त्या गाण्यात, नवरा राबतोय आणि ही त्याच्या कामाकडं कशी बघती ते. आमची आजी हे गाणं लागलं की पदर सावरून बसायची.

दुसरा 'नटरंग'. आनंद यादवांची कादंबरी, रवी जाधवचा पहिला पिच्चर, २०१० ला आला. गुणा कागलकर, म्हणजे आमच्या शेजारचाच माणूस की. अतुल कुलकर्णीनं पैलवानाचं शरीर कमावलं आणि मग तेच उतरवून नाच्या झाला. गाण्यांवर सगळे नाचत्यात पण मला विचारशील तर पैलवान माणूस पहिल्यांदा बायकी हातवारे शिकतोय तो भाग बघ, लई अवघड काम केलंय त्यानं. लाज, हौस, भूक सगळं एकदम चेहऱ्यावर.

जाईजुई_ठाणे

रीळवेडा, 'सामना'बद्दल पूर्ण सहमत, पण 'पिंजरा'बद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. सिनेमा देखणा आहे, राम कदमांचं संगीत अजून ताजं आहे, संध्याचं नृत्य म्हणजे काय बोलायचं. पण तमाशातली बाई तिथे मास्तराला खाली ओढायलाच येते. मास्तर तिच्या कलेला हिणवतो, फडाला गावाबाहेर काढतो, त्याबद्दल सिनेमा त्याला फार काही विचारत नाही. म्हणून माझ्या यादीत 'पिंजरा' नाही. रंकाळ्याकाठींनी 'नटरंग' लिहिलाय तो मला जास्त जवळचा, तिथे तमाशा हे पोटही आहे आणि वेडही आहे.

'उंबरठा' मी लिहिते. १९८२, शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरचा. स्मिता पाटीलची सुलभा घर, नवरा, लहान मुलगी सोडून बाहेरगावी महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून जाते. आणि सिनेमा तिला एका वाक्यानेही दोषी ठरवत नाही, तशी तिची आरतीही ओवाळत नाही. मी कॉलेजात असताना बघितला तेव्हा मला सगळा राग नवऱ्याचा आला होता, नोकरी आणि मुलगी दोन्ही सांभाळायला लागल्यावर बघितला तेव्हा मी सारखी त्या मुलीकडे बघत होते, ती आईशी कशी तुटक वागते ते, आणि तरी सुलभाचं चुकलं असं काही मला म्हणता आलं नाही. स्मिता घरात वावरताना आणि आश्रमाच्या ऑफिसात बसलेली असताना तिची पाठ बघा, बसण्यातला फरक बघा. संवाद लागतच नाहीत.

पण माझा सगळ्यात लाडका सिनेमा 'अस्तु'. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर. मोहन आगाशे संस्कृतचे पंडित आहेत, स्मृतिभ्रंश झालेला. मुलगी त्यांना गाडीत ठेवून जरा कुठे जाते आणि ते रस्त्यावरून चाललेल्या हत्तीच्या मागे निघून जातात. मग ती माहुताची बायको, अमृता सुभाष. तिला या माणसाची भाषा कळत नाही, त्याची विद्वत्ता माहीत नाही, आणि ती त्याला लेकरासारखं खाऊ घालते, तो तिला आई म्हणायला लागतो. आमच्या घरी सासऱ्यांचं हेच झालं होतं. इतके दिवस आम्ही त्यांना आठवण करून द्यायचा प्रयत्न करत होतो, हे कोण, ते कोण, आज वार कोणता. त्या बाईने असं काहीच विचारलं नाही. मी ते बघून दुसऱ्या दिवसापासून विचारणं बंद केलं, आणि सासरे शांत झाले, खरंच झाले. सुमित्राताई मूळच्या समाजकार्याच्या क्षेत्रातल्या, सिनेमाचं शिक्षण न घेता या माध्यमात आल्या, म्हणूनच बहुतेक त्यांच्या सिनेमात माणसाकडे बघायची घाई नसते. 'दोघी', 'वास्तुपुरुष', 'देवराई', 'कासव', सगळे बघा. २०२१ मध्ये त्या गेल्या तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं रडले होते मी.

बाराच्या_शोला_हजर

सगळे गंभीर सिनेमे आले, आता मी भांडायला आलोय. 'अशी ही बनवाबनवी' कुठे आहे?? आणि तो टाइमपास म्हणून नाही, सिनेमा म्हणून यादीत हवा.

मूळ कल्पना हृषिकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'ची, हे खरं. पण वसंत सबनीसांनी ती पुण्यात आणून अशी रुजवली की ती मराठीच झाली. सबनीस म्हणजे 'विच्छा माझी पुरी करा' लिहिणारा माणूस, वगनाट्याचा हात होता त्यांचा, त्यामुळे प्रत्येक वाक्याला ठेका आहे. सरपोतदार औषधाचे सत्तर रुपये परत मागतो तो सीन घ्या. सुधीर जोशींचा चेहरा आणि अशोकमामांची वेळ. मामा उत्तर देताना अजिबात हसवायचा प्रयत्न करत नाहीत, एकदम सरळ सुतकी चेहऱ्याने सांगतात की तो गेला आणि पैसेही गेले, आणि सुधीर जोशींची जी चिडचिड होते ती खऱ्या पुणेकर घरमालकाची. लक्ष्याला सगळे फक्त अंगविक्षेपासाठी लक्षात ठेवतात पण पार्वती झाल्यावर तो थकलेला, वैतागलेला दिसतो ते बघा, साडी सांभाळून वैतागलेला माणूस. त्याच लक्ष्याने पुढे १९९२ मध्ये 'एक होता विदूषक' केला, पुलंनी लिहिलेला, जब्बार पटेलांचा. तो चालला नाही याचं मला अजून वाईट वाटतं, त्यात त्याने जे करून दाखवलंय ते मराठीत फार कमी नटांना जमलंय.

आणि भाची एडिटिंग शिकणार असेल तर तिला विनोदी सिनेमा आधी दाखवा. हशा कट कुठे मारला त्यावर असतो. एक सेकंद उशीर झाला की विनोद मेला.

बालाघाट_एक्सप्रेस

मी जास्त लिहीत नाही कधी इथं पण हा धागा बघून राहवलं नाही.

'फँड्री'. २०१३. आमच्या तालुक्याच्या ठिकाणी टॉकीजात बघितला, आमच्या गल्लीतली पोरं सोबत होती. डुक्कर धरायच्या वेळेला शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि जब्याच्या, म्हणजे त्यातल्या शाळकरी पोराच्या, घरची सगळी जागच्या जागी उभी राहतात आणि डुक्कर निघून जातं, तिथं मागच्या रांगेत लोक हसले. आम्ही नाही हसलो. एकच सीन, एकच टॉकीज. नंतर ते डुक्कर बांबूला लटकवून नेतात आणि मागच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई, शाहू महाराज. एक शब्द बोलत नाहीत. आणि शेवटचा दगड जो येतो तो बघणाऱ्याच्या अंगावर येतो.

किशोर कदमांचा बाप मला सगळ्यात जास्त लागला. पोराला मारतो, शिव्या देतो, पण त्याला पण माहीत आहे आपण कुणापुढं वाकतोय. असा बाप मी बघितलेला आहे म्हणून सांगतो.

'सैराट' पण यादीत टाका. सगळे गाण्यांचं बोलतात. शेवटी आवाजच काढून घेतलाय, ते लहान लेकरू चालत जातं तेव्हा, ते भाचीला दाखवा.

रीळवेडा

बालाघाट, असंच लिहीत जा दादा. टॉकीजमधला तो हशा मी पण ऐकलाय, वेगळ्या शहरात.

जाईजुई ताई, 'पिंजरा'बद्दल तुमचा मुद्दा मला पटतो, फडाची बाजू सिनेमा नीट ऐकून घेत नाही. तरी मी तो यादीत ठेवणार, कारण 'सामना' कशाला उत्तर देतोय हे त्याच्याशिवाय कळत नाही. 'अस्तु' भाचीच्या आधी मीच परत बघणार आहे. आणि बारावाले, तुम्ही म्हणता ते शंभर टक्के, बनवाबनवी टाकला.

आता 'कोर्ट'बद्दल, कारण अजून कोणी लिहिलं नाही. चैतन्य ताम्हाणे, २०१४, व्हेनिसला बक्षीस, नंतर राष्ट्रीय पुरस्कार. एका लोकशाहिरावर खटला, की त्याच्या गाण्यामुळे गटारसफाई करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. शाहीर झालेले वीरा साथीदार स्वतः चळवळीतले कार्यकर्ते, २०२१ मध्ये कोरोनाने गेले. पण या सिनेमातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे सरकारी वकील बाई, गीतांजली कुलकर्णी. कोर्टात ती भयंकर वाटते, जुनी कलमं यंत्रासारखी वाचत जाते. मग कॅमेरा तिच्याबरोबर लोकलने घरी जातो, ती साडीबद्दल बोलते, पोराला घेते, स्वयंपाक करते, आणि आपल्याला ती आपल्या मावशीसारखी वाटायला लागते. दुसऱ्या दिवशी ती परत त्याच शाहिराचा जामीन अडवते. या दोन बायका वेगळ्या नाहीत, हे कॅमेरा न हलवता दाखवलंय. लांबून लावलेला कॅमेरा आणि लांब लांब शॉट, कापायची घाईच नाही.

वारीची_वाट

उशिरा आले पण एक नाव राहिलंय. 'संत तुकाराम', १९३६, प्रभात, दामले-फत्तेलाल. व्हेनिसला त्याचं कौतुक झालं वगैरे सगळे सांगतात आणि सगळे विष्णुपंत पागनीसांबद्दल बोलतात, ते योग्यच आहे, पण माझ्यासाठी हा सिनेमा जिजाईचा आहे. गौरीने केलेली जिजाई. नवरा विठ्ठलात रमलेला, घरात दाणा नाही, लेकरू आजारी, आणि ही बाई चप्पल घेऊन देवळात शिरते विठोबाला जाब विचारायला. आमच्या घरी माळकरी मंडळी, पण त्या सीनला कधी कोणाच्या भावना दुखावल्या नाहीत, उलट बायका म्हणायच्या बरोबर आहे तिचं. भक्तीच्या सिनेमात भुकेची बाजू एवढ्या प्रेमाने मांडलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

आणि 'आधी बीज एकले' हा तुकोबांचाच अभंग आहे असं कितीतरी लोक धरून चालतात, तो शांताराम आठवल्यांनी या सिनेमासाठी लिहिलाय. भाचीला सांगा जुना, ब्लॅक अँड व्हाइट म्हणून बाजूला ठेवू नकोस. जिजाईचे सीन आधी दाखवा, मग ती बाकीचा आपोआप बघेल.