दादाचा सीडी-4 86 आला, आणि औषध सुरू केल्यावर गाठ वाढली. असं का होतं?

मळेवाट:
नमस्कार. माझा मोठा भाऊ ट्रक चालवतो, वय 38. दिवाळीनंतर त्याच्या मानेत गाठ आली, रोज संध्याकाळी कणकण, वजन 9 किलोंनी उतरलं. तपासणीत गाठीचा टीबी निघाला. टीबीसोबत एचआयव्हीचीही तपासणी करतात, ती पॉझिटिव्ह आली. सीडी-4, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, फक्त 86. टीबीच्या गोळ्यांनंतर दोन आठवड्यांनी एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या, सुरू केली. भूक परत आली, आम्हाला बरं वाटलं. आता एआरटीचा चौथा आठवडा चालू आहे आणि पाच दिवसांत गाठ लिंबाएवढी झाली, तापही परत आला. दादा म्हणतो, या गोळ्या मला सोसत नाहीत, बंद करतो.

दुसरं म्हणजे, हा माणूस गेल्या वर्षापर्यंत स्वतः पोती उतरवून घ्यायचा, साधी सर्दी नव्हती. मग एकदम 86 कसा? लग्नाला चार वर्षं झालीत. वहिनीला वाटतं, लागण या वर्षभरातलीच. त्यावरून घरात जेवणखाण बंद आहे. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

कृष्णाकाठची:
भाऊ, आधी पहिलं. गोळ्या एक दिवससुद्धा बंद करू नका, आणि उद्या सकाळीच त्यांना एआरटी सेंटरला घेऊन जा. मी डॉक्टर नाही. 2005 पासून पॉझिटिव्ह आहे आणि बारा वर्षं सांगली भागात नव्या पेशंटना सेंटरपर्यंत पोचवायचं काम करते. गाठीच्या टीबीत असं झालेलं मी कितीदा पाहिलंय.

सीडी-4 पेशी म्हणजे शरीराच्या मुकादम. त्या इशारा देतात तेव्हा बाकीच्या पेशी टीबीच्या जंतूला घेरतात. 86 वर मुकादमच उरले नव्हते, म्हणून जंतू असूनही गाठ फारशी सुजली नाही. एआरटीने विषाणू दबला, पेशींना जाग आली आणि त्या गाठीतल्या जंतूंवर, मेलेल्यांवरसुद्धा, तुटून पडल्या. सूज आणि ताप त्याचा असू शकतो. डॉक्टर याला आयरिस म्हणतात. पण टीबी औषधाला दाद देत नसेल तरी असंच दिसतं, म्हणून घरी अंदाज बांधू नका. डोकं फार दुखत असेल, उलट्या होत असतील किंवा दम लागत असेल तर सकाळचीही वाट पाहू नका.

एक आठवणीने विचारा. टीबीच्या औषधात रिफाम्पिसिन असतं, लघवी केशरी होते ती त्यामुळेच. त्याने एआरटीतल्या डोल्युटेग्राविरचं रक्तातलं प्रमाण घटतं. म्हणून टीबीचा उपचार चालू असेपर्यंत रोजच्या गोळीनंतर 12 तासांनी डोल्युटेग्राविरची एक जादा गोळी देतात. ट्रकवरच्या माणसाची ही दुसरी गोळी हमखास राहते.

आता 86 चं. ते एकदम झालेलं नाही. आमच्या मळ्यात विहीर होती. मोटर दिवसभर चालायची, पण झरे जोरात होते, त्यामुळे वरून बघणाऱ्याला पाणी तेवढंच दिसायचं. उन्हाळ्यामागून उन्हाळे पातळी हातहातभर खाली जायची, ते पायऱ्या मोजणाऱ्यालाच कळायचं. या आजारात दिवसाला अब्जावधी नवे विषाणू तयार होतात आणि पेशी मरतात, शरीर तेवढ्याच नव्या करू पाहतं. उपचाराविना सरासरी आठ-दहा वर्षं हे चालतं. निरोगी माणसाचा सीडी-4 साधारण 500 ते 1500. तो 200 च्या खाली गेला की एड्सची अवस्था धरतात. त्या मधल्या काळात माणूस पोती उचलतो, लग्न करतो, काही कळत नाही.

सुरुवातही अशीच निसटते. लागणीनंतर दोन-चार आठवड्यांत ताप, घसा, अंगावर पुरळ येतं. कित्येकांना तेवढंही होत नाही. याच दिवसांत आतड्याच्या अस्तरातल्या सीडी-4 पेशींचा मोठा भाग मरतो. माझं लग्न 2003 चं. दोन महिन्यांनी आठ दिवस ताप आणि पुरळ. सासूबाईंनी गोवर म्हणून कडुनिंबाच्या पाल्यावर निजवलं. खरं कारण 2005 ला, पाचव्या महिन्यात बाळंतपणाचं नाव घालायला गेले तेव्हा कळलं.

तेव्हा सरकारी औषध नुकतंच, 2004 ला, सुरू झालेलं आणि माझ्यासारखीला ते सीडी-4 200 च्या खाली गेल्यावर मिळायचं. माझा 410. पुढे दरवर्षी 340, 290, 230, आणि 2009 ला 172. पाणी आटताना बघत बसायचं आणि तळ दिसला की मोटर बंद करायची, असा तो काळ होता. 2017 पासून आकडा कितीही असो, औषध लगेच मिळतं. त्या चार वर्षांत माझ्याबरोबर रांगेत बसणाऱ्या तिघी गेल्या. म्हणून 'गोळ्या बंद करतो' हे ऐकलं की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.

काचपट्टी:
मी लॅबमध्ये काम करतो. ताईंच्या म्हणण्यात एक भर. टीबीनेही सीडी-4 खाली येतो. काहींचा आजार दोन-तीन वर्षांतही पुढे सरकतो, काहींचा पंधरा वर्षं नाही. त्यामुळे 86 वरून लागण जुनी असण्याची शक्यता जास्त म्हणता येईल, तारीख काढता येणार नाही. औषध लागू पडतंय का, ते सहा महिन्यांच्या व्हायरल लोडमध्ये, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे या तपासणीत, कळेल.

मळेवाट:
दादाला आज नेलं होतं. गाठीतून पस काढून पुन्हा तपासायला पाठवलाय, तापाचं औषध दिलंय, एआरटी चालूच ठेवायला सांगितली. जादा गोळी दिलेली होती, ती डबीत तशीच पडून! वहिनीची तपासणी झाली, निगेटिव्ह आली. तिला तीन महिन्यांनी परत बोलावलंय. तुमचं विहिरीचं लिहिलेलं मी तिला वाचून दाखवलं. काही बोलली नाही, पण रात्री दादाचं ताट तिनेच वाढलं. तिने विचारायला सांगितलंय, दुसरं मूल हवं होतं, ते आता कायमचं राहिलं का?

कृष्णाकाठची:
नाही राहिलं. व्हायरल लोड रिपोर्टमध्ये दिसेनासा झाला आणि गोळ्या न चुकता चालू राहिल्या, तर शरीरसंबंधातून विषाणू जोडीदाराकडे जात नाही. तोवर निरोध, प्रत्येक वेळी. आधी टीबीचा उपचार पुरा होऊ दे, मग सेंटरच्या डॉक्टरांसमोर दोघांनी बसून विचारा.

सीडी-4 लगेच 500 झाला नाही तर घाबरू नका. फार खाली गेलेल्या विहिरीचे काही झरे गाळाने बुजलेले असतात. मला 172 वरून 540 ला यायला सहा वर्षं लागली. आणि वहिनींना सांगा, माझ्या पोटातली ती मुलगी निगेटिव्ह आहे. कळा सुरू झाल्यावर मला नेव्हिरॅपिनची एक गोळी दिली होती आणि जन्मल्यावर तिला थेंब. तेव्हा एवढंच होतं. त्यांना माझ्याशी बोलायचं असेल तर इथेच निरोप ठेवा, मी रात्री नऊनंतर बघते.