हार्प्सिकॉर्डची रेकॉर्डिंग्ज कानाला टोचतात, ऐकायची कशी?

गिरगाव_श्रोता

बाखच्या कीबोर्डच्या रचना पियानोवर बऱ्याच ऐकून झाल्या आहेत. आता त्याच रचना हार्प्सिकॉर्डवर, म्हणजे पियानोच्या आधीच्या, तार छेडणाऱ्या कीबोर्ड वाद्यावर ऐकायला घेतल्या, पण गाडी अडली आहे. सगळे सूर एकाच जोरात वाजतात, त्यामुळे कुठे भर आहे आणि कुठे हळुवारपणा, ते कळत नाही. दहा-पंधरा मिनिटांत कान शिणतो. शिवाय पेटीवर ताडून पाहिलं तर बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स पांढरी पाचऐवजी काळी तीनमध्ये वाजतात. फाइल सदोष आहे का?

साधनं अशी: बुकशेल्फ स्पीकर, फोनवरून ब्लूटूथ, १० बाय १२ ची खोली, खाली टाइल्स, वर पंखा, खिडकी रस्त्याकडे. कोणती रेकॉर्डिंग्ज घ्यावीत, आणि ऐकताना लक्ष नेमकं कुठे ठेवावं?

तंतकार

आधी शेवटची शंका. फाइल ठीक आहे. बाखच्या काळातल्या बरोक संगीतासाठी आज बहुतेक वादक ए हा सूर ४४० ऐवजी ४१५ हर्ट्झला लावतात, म्हणजे जवळपास अर्धा सूर खाली. म्हणून पांढरी पाचची रचना तुमच्या पेटीच्या काळी तीनवर येते. फ्रेंच रचनांची काही रेकॉर्डिंग्ज ३९२ ची असतात, ती आणखी अर्धा सूर उतरलेली मिळतील. तेव्हाही फाइलला दोष देऊ नका.

आता मुख्य गोष्ट. पियानोत हातोडी तारेवर आपटते, इथे तार छेडली जाते. पट्टी दाबली की तिच्या दुसऱ्या टोकावर उभा असलेला जॅक वर जातो आणि त्यातली छोटी नखी तार छेडते. ही नखी पूर्वी पक्ष्याच्या पिसाची असे, आता बहुधा प्लॅस्टिकची असते. बोट जोरात पडो की हळू, नखी तारेला सोडते ती जवळपास त्याच बिंदूला, म्हणून सुराचा मोठेपणा फारसा बदलत नाही. बोट उचललं की जॅक खाली येतो, नखी बसवलेली जीभ मागे झुकून तारेला चुकवते आणि वरचा बनातीचा तुकडा तारेवर टेकतो. सूर तिथे संपतो. मायक्रोफोन जवळ असेल तर या उतरण्याचा बारीक ‘टिक’ ऐकू येतो. तो रेकॉर्डिंगचा दोष नाही.

म्हणजे सुराचा जोर वादकाच्या हातात जवळजवळ नाही, पण सूर कधी सुरू होतो आणि कधी संपतो हे पूर्णपणे आहे. सगळी अभिव्यक्ती तिथे आहे, आणि पियानोला सरावलेला कान ती चुकीच्या जागी शोधत राहतो. फ्रान्स्वा कूपरँने १७१६ मध्ये हार्प्सिकॉर्ड वाजवण्यावर पुस्तक लिहिलं, त्यात हे स्पष्ट सांगितलं आहे: व्हायोलिनसारखं वाद्य जिथे सूर फुगवेल तिथे हार्प्सिकॉर्डवाला तो सूर किंचित उशिरा लावतो. सूर जरा आधी सोडण्यालाही त्याने वेगळं नाव आणि खूण दिली आहे.

हे पकडायला एकच जागा घ्या: गोल्डबर्गचा सुरुवातीचा तुकडा, आरिया, त्याची पहिली चार मापं (बार). डाव्या हातात खर्ज एकेक पायरी उतरतो, जी, एफ शार्प, ई, डी. पहिल्यांदा फक्त तोच ऐका आणि प्रत्येक खर्जाचा सूर पुढचा येईपर्यंत धरला आहे की आधीच सोडला आहे एवढंच पाहा. दुसऱ्यांदा उजव्या हाताचा सूर खर्जाबरोबर पडतो की केसभर मागून, ते ऐका. तिसऱ्यांदा एकत्र लिहिलेले सूर खरोखर एकत्र छेडलेत की खालून वर उलगडलेत, ते. चार तारा एका क्षणी छेडल्या की आवाज कडक येतो, उलगडल्या की मऊ. ‘हळुवार’ इथे असं तयार होतं. पाच मिनिटांचा आरिया ऐकण्यापेक्षा ही चार मापं दहादा ऐकलेली जास्त कामाची.

सूर जरा जास्त धरून ठेवणं हीसुद्धा मोठी युक्ती आहे. कूपरँची ‘बारिकाद मिस्तेरियोझ’ ऐका, १७१७ च्या दुसऱ्या पुस्तकातली. दोन्ही हात खालच्या-मधल्या भागातच फिरतात आणि सूर एकमेकांवर रेलून राहतात. पियानोच्या पेडलसारखं काहीही नसताना तो घुमारा केवळ बोटं उशिरा उचलून मिळतो.

पार्ले_ध्वनी

कान शिणण्याबद्दल. मला वाटतं निम्मा दोष पंख्याचा आहे. हार्प्सिकॉर्डचा सूर छेडल्याक्षणी तीव्र असतो आणि लगेच विरू लागतो. पंखा चारवर आणि खिडकीतून रस्ता, म्हणजे विरणारी शेपटी त्या गोंगाटाखाली बुडते. ती ऐकू यावी म्हणून आपण आवाज वाढवतो. शेपटी मिळते, पण प्रत्येक छेडीचं टोक कानात घुसतं. दहा मिनिटांत डोकं धरणारच.

खरा हार्प्सिकॉर्ड फार मोठा वाजत नाही, रेकॉर्डिंग मात्र अगदी जवळून करतात. त्यामुळे पियानोची तबकडी ज्या खुणेवर ऐकता त्याच खुणेवर हे ठेवलं तर हमखास जास्त होतं. आवाज शून्यावरून वर आणा, दोन माणसं समोरासमोर बोलतात तेवढ्यावर थांबा. पहिली दोन मिनिटं कमी वाटेल, मग कान बसतो. पंखा एकवर, खिडकी बंद. रात्री अकरानंतर रहदारी उतरली की फरक सहज कळेल. ते जमत नसेल तर बंद कपांचे हेडफोन.

खोली: खोलीच्या मधोमध एकदा टाळी वाजवा. टाळीमागे ‘ट्रिंग’ असा धातूसारखा ओरखडा आला, तर टाइल्स, छत आणि समोरासमोरच्या भिंती आवाज एकमेकांकडे टोलवत आहेत. वरच्या स्वरांशांनी भरलेल्या या वाद्याला ते सर्वांत जास्त बाधतं. स्पीकर आणि तुमच्यामध्ये जाड सतरंजी किंवा दुपदरी घडी केलेली गोधडी, काचेच्या खिडकीला जाड पडदा, एवढ्याने बराच फरक पडतो. स्पीकरचं तोंड थेट कानावर रोखू नका. दोघांची दिशा तुमच्या खांद्यांच्या थोडी बाहेर जाऊ द्या, ट्विटरची, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरची, धार उतरते.

आणि फोन. डेटा वाचवण्याची सेटिंग चालू असेल तर बंद करा. हार्प्सिकॉर्ड हे आवाजाची फाइल लहान करण्याच्या (कॉम्प्रेशनच्या) चाचण्यांतलं अवघड वाद्य म्हणून ओळखलं जातं. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनच्या चाचणी तबकडीतसुद्धा त्याचा तुकडा आहे. एमपी३ चा एक खंड सुमारे २६ मिलिसेकंदांचा. त्या खंडाच्या मध्येच तार छेडली गेली तर कोडिंगचा आवाज छेडीच्या आधीही पसरतो. १२८ केबीपीएसवर प्रत्येक सुरापूर्वी बारीक ‘फस्स’ येतं आणि टोक भुरकट होतं. खंड लहान केले तर टोक सुधारतं पण सूर नीट उतरत नाही, आणि या वाद्याला दोन्ही हवं. ३२० ला किंवा विना-घट (लॉसलेस) फाइलला जा, आणि शक्य तर ब्लूटूथऐवजी वायर लावा.

स्वयंभू_गंधार

ट्यूनिंगबद्दल कोणी लिहिलं नाही. आपल्याकडच्या श्रोत्याला तर हाच दरवाजा सगळ्यात सोपा आहे.

पेटीचा गंधार चढा असतो हे आपण लहानपणापासून ऐकतो. नीट जुळलेल्या तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग), पेटीचा ४०० वर. घरच्या पेटीवर मधल्या सप्तकात पांढरी एक आणि पांढरी तीन एकत्र दाबून ठेवा, जमलं तर फक्त नर सुरांचा संच उघडा ठेवून. सेकंदाला साधारण दहा वेळा थरथर येईल. ती थरथर म्हणजे हे १४ सेंट.

सतराव्या शतकातल्या फ्रेस्कोबाल्दी, फ्रोबर्गर यांच्या रचना आज बरेच वादक मीनटोन नावाच्या जुन्या जुळणीत लावून वाजवतात. त्यात प्रत्येक पंचम सुमारे साडेपाच सेंट उतरवतात आणि त्या बदल्यात आठ गंधार शुद्ध मिळतात. उरलेले चार मात्र चक्क बेसूर. म्हणून त्या रेकॉर्डिंगमध्ये तुकड्याचा शेवटचा लांब कॉर्ड ऐका: थरथर नाही, तानपुऱ्यासारखा स्थिर. आणि मध्येच एखादी जागा कानाला ओरबाडून जाते, तीही ट्यूनरची चूक नसते. संगीतकाराला ती जागा ठाऊक होती, दुःखाच्या ठिकाणी तो मुद्दाम तिच्या जवळ जातो.

बाखच्या १७२२ च्या वेल-टेम्पर्ड क्लाव्हिअरमध्ये चोवीसही मेजर-मायनर स्वरस्थानांत रचना आहेत, तिथे शुद्ध मीनटोन चालत नाही. वादक व्हर्कमायस्टर, व्हालोट्टी अशी तडजोडीची जुळणी घेतात. त्यात सी मेजर शांत वाटतो, सी शार्प मेजर ताणलेला. तबकडीच्या पुस्तिकेत जुळणीचं नाव बहुधा दिलेलं असतं, ते आधी वाचा.

गिरगाव_श्रोता

आवाज उतरवून, पंखा एकवर ठेवून आरियाची चार मापं ऐकली. उशिरा पडणारा सूर आता खरंच ऐकू येतो. दोन प्रश्न. वांदा लांडोव्स्का या वादिकेचं १९३३ चं गोल्डबर्ग पूर्ण वेगळ्या वाद्याचं का वाटतं? आणि संगीतकार स्कार्लात्तीचे हार्प्सिकॉर्डचे ५५५ सोनाटा, सुरुवात कुठून?

तंतकार

कारण ते वाद्य खरोखरच वेगळं आहे. तिचा हार्प्सिकॉर्ड प्लेयेल कंपनीने विसाव्या शतकात बांधलेला: लोखंडी चौकट, जाड तारा, चामड्याच्या नख्या, पायाने बदलायचे संच, आणि एक सप्तक खाली वाजणारा सोळा फुटी तारांचा संच. जुन्या वाद्यांच्या नमुन्यावरचे हार्प्सिकॉर्ड हलके, लाकडी. त्यांत साधारणपणे आठ फुटींचे, म्हणजे नेहमीच्या उंचीला वाजणारे, दोन संच आणि एक सप्तक वर वाजणारा चार फुटी एक. लांडोव्स्काचा लयीवरचा ताबा अजोड आहे, ते जरूर ऐका, पण त्यावरून वाद्याचा आवाज ठरवू नका. दुसऱ्या टोकाला गुस्ताव लिओनहार्टचं १९७६ चं गोल्डबर्ग ठेवा. पुनरावृत्त्या घेतलेल्या नाहीत, त्यामुळे लांबी आटोपशीर. सूर सोडण्याचा धडा घ्यायला माझ्या मते याहून चांगलं काही नाही.

गोल्डबर्गमध्ये कोणता तुकडा एका कीबोर्डवर आणि कोणता दोन कीबोर्डवर, हे बाखने लिहून ठेवलं आहे. पंचविसावं व्हेरिएशन ऐका: उजव्या हाताची सुरावट एका कीबोर्डवर, साथ दुसऱ्यावर, दोघांचा पोत वेगळा. १७३५ च्या इटालियन कॉन्चेर्तोच्या मधल्या भागातही तेच, उजवा हात ‘फोर्ते’ (मोठ्याने) आणि डावा ‘पियानो’ (हळू) असं छापलेलं आहे. हात पाहायचे असतील तर नेदरलँड्स बाख सोसायटीचे व्हिडिओ फुकट आहेत. त्यात झाँ राँदोचं गोल्डबर्ग पाहा.

स्कार्लात्तीला स्कॉट रॉसचा संच, ३४ तबकड्या, १९८४-८५ चा. क्रमाने ऐकू नका. के १४१ मध्ये (के म्हणजे सोनाटांच्या यादीतला क्रमांक) एकच सूर भराभर पुनःपुन्हा छेडलेला, गिटारसारखा. मग के ११९. स्कार्लात्ती आवाज कसा मोठा करतो ते इथे समजतं: पट्टीवर जोर चालत नाही, म्हणून तो कॉर्डमध्ये सूर भरत जातो, शेजारशेजारचे बेसूर सूरसुद्धा, आणि वाद्य अक्षरशः गर्जतं. पुढच्याच क्षणी दोन सूर उरतात आणि आवाज आपोआप उतरतो. एका बैठकीला चार सोनाटा पुरे.

चकती_७८

मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटला हार्प्सिकॉर्डची एलपी मिळाली तर आतल्या खोबणी आधी उजेडात धरून पाहा. लेबलजवळ खोबणीचा वेग कमी पडतो आणि या वाद्याची टोकं तिथेच आधी फाटतात, त्यात मागच्या मालकाची बोथट सुई लागली असेल तर उपाय नाही. पावसाळ्यातली बुरशी मात्र निघते: तीन भाग डिस्टिल्ड पाणी, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ मायक्रोफायबरने खोबणीच्या दिशेने, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याचा हात. कागदी आतलं पाकीट फेकून द्या, बुरशी त्यातच राहते. लांडोव्स्काच्या काळातल्या ७८ आरपीएमच्या तबकडीला हे मिश्रण लावू नका. ती लाखेची असते, अल्कोहोलने विरघळते. तिला फक्त पाणी, आणि लेबल कोरडं.