सिंगापूरच्या युद्धस्मारकावरील नावे : लातूर शोधाल तर सापडणार नाही

एकांनी म्हटलंय की वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या (महायुद्धात पडलेल्या राष्ट्रकुलातल्या सैनिकांच्या कबरी, स्मारकं आणि नोंदी सांभाळणारी संस्था) साइटवर 'लातूर' टाकलं तर काहीच येत नाही, म्हणजे आपल्या मराठवाड्यातल्या बेपत्ता जवानांची नोंदच झाली नाही. हे पटत नाही. दुसऱ्या महायुद्धात लातूर जिल्हाच नव्हता (तो १९८२ चा), तालुका उस्मानाबादेत होता. जालना औरंगाबादेत आणि हिंगोली परभणीत शोधायचं. 'अधिक माहिती'च्या रकान्यात बापाचं नाव, गाव आणि पुढे हैदराबाद संस्थानाचं नाव असं असतं, तेही असलं तरच. बीडच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी डी नाही, आर. कधी बी नंतर एचसुद्धा. शिंदे कधी एचशिवायही (Sinde) शोधून पाहा. आडनावाच्या रकान्यात बरेचदा अख्खं नावच कोंबलेलं असतं, म्हणून नुसत्या आडनावावर अडून बसू नका. पलटण आणि वर्ष टाकून यादी चाळा. हैदराबाद संस्थानाची पहिली इन्फंट्री डिसेंबर १९४१ मध्ये मलायात कोटा भारूला होती, तिथून सुरुवात करा.

आणखी एक. क्रांजीला (सिंगापुरातलं युद्धस्मशान) नाव आहे म्हणजे माणूस बेपत्ताच, असं नाही. तिथल्या मोठ्या सिंगापूर मेमोरियलवर कबर माहीत नसलेल्यांची २४ हजारांवर नावं आहेत. पण ज्यांचं दहन झालं त्यांचं स्मारक त्याच आवारात वेगळं आहे, त्यावर जवळपास ८०० नावं, बहुतेक ब्रिटिशांच्या हिंदी फौजेतली. नोंदीत स्मारकाचं नाव नीट वाचा. मृत्यूची तारीख १५ फेब्रुवारी १९४२ दिसली तर जरा जपून: तो सिंगापूर जपान्यांच्या हाती पडल्याचा दिवस, माणूस नक्की त्याच दिवशी गेला असं धरून चालू नका.