अणुचाचण्यांचं संग्रहालय आणि 'पैसा वसूल'

खारा वारा
परवा इथे कुणीतरी लास वेगासच्या अणुचाचणी संग्रहालयाबद्दल लिहिलं. स्फोटाच्या दालनात बाक हादरतात, तोंडावर वाऱ्याचा झोत येतो, पोरांनी परत बघायचा हट्ट धरला, 'पैसा वसूल'. डोकंच फिरलं. नेवाडात १९५१ ते १९९२ या काळात ९२८ चाचण्या झाल्या, त्यातल्या १०० उघड्या हवेत. वारा वेगासकडे वाहत नसेल असा दिवस बघून बॉम्ब उडवायचे. मग किरणोत्सारी धूळ जायची पूर्वेला, युटाच्या गावांवर. १९ मे १९५३ च्या स्फोटानंतर सेंट जॉर्जच्या लोकांना घरात बसा म्हणून सांगावं लागलं. भरपाईचा कायदा आला थेट १९९० मध्ये. त्या लेखात यातलं अवाक्षर नाही.

पोरांना न्यायचंच तर तोक्योला युमेनोशिमात न्या. 'दाइगो फुकुर्यू मारू' ही लाकडी ट्यूना बोट तिथे अख्खी ठेवली आहे. १ मार्च १९५४ ला प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवर अमेरिकेनं फोडलेला बॉम्ब अंदाजाच्या अडीचपट निघाला, १५ मेगाटन. बोट धोक्याच्या हद्दीबाहेर होती, तरी पोवळ्यांची पांढरी किरणोत्सारी राख २३ खलाशांच्या अंगावर पडत राहिली. सगळे आजारी पडले. रेडिओ सांभाळणारे कुबोयामा सप्टेंबरात गेले, वय ४०.

तुर्भे निवृत्त
सगळी नोकरी अणुऊर्जेत काढली, म्हणून राहवत नाही. बाक हादरला म्हणूनच पोरगं घरी येऊन प्रश्न विचारतं. तुम्हाला संग्रहालयात फक्त रडगाणं हवंय. ही भीती पेरल्यामुळेच आपल्याकडे कोकणातला जैतापूरचा अणुवीज प्रकल्प रखडला. ९,९०० मेगावॉट कागदावर पडून आहेत, आणि उन्हाळ्यात दिवे गेले की हीच मंडळी ओरडतात.

नाट्याची सून
काका, जैतापूर कुठून आलं मध्येच? काढलंतच तर ऐका. १९५४ मध्ये मासळी काही त्या एकट्या बोटीचीच गेली नाही. साडेआठशेहून जास्त बोटींचा माल फेकावा लागला, आणि चांगल्या मासळीलाही गिऱ्हाईक मिळेना. जैतापूरजवळच्या आमच्या साखरी नाटे या मच्छीमार गावात हेच बोलतात. सासरे म्हणतात, पाण्यात काही न पडताही नाव खराब झालं, तर मासळीची पाटी कोण उचलणार? प्रकल्पाचं गरम पाणी समुद्रात सोडणार, ते वेगळंच. २०११ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात आमच्यातला एक गेला. रडगाणं म्हणू नका.

तुर्भे निवृत्त
बॉम्ब आणि अणुभट्टी एकाच पाटीत घालू नका! एक फोडायसाठी असतो, दुसरी न फुटण्यासाठी बांधतात. मी रोज छातीवर किरणोत्सार मोजणारा बॅज लावून आत जायचो. ठरावीक मुदतीनं तो तपासायला जायचा, आकडा नोंदवहीत चढायचा. आज पंचाहत्तरीला ठणठणीत आहे.

नाट्याची सून
तुम्हाला बॅज होता. त्या २३ जणांना होता? आमच्या तांडेलाला कोण देणार?

पाचवी ब
भांडा तुम्ही, पण मूळ प्रश्न शाळेचा आहे. दर ६ ऑगस्टला, हिरोशिमा दिनी, आम्ही कागदाचे पक्षी करून घेतो, फोटो काढतो, संपलं. चाचणी म्हणजे काय ते एकाही मुलाला सांगता येत नाही. खुद्द हिरोशिमाच्या शाळांसाठीच्या शांतता-शिक्षणाच्या पुस्तिकेतून २०२३ मध्ये या बोटीचा उल्लेख काढला. पुस्तकात नाही, मग उरलं काय? संग्रहालयच. एक मात्र आहे, दहा वर्षांच्या मुलांना भाजलेल्या माणसांचे फोटो दाखवायला माझी तयारी नाही. एक मुलगी आठवडाभर झोपली नव्हती. बोट त्यांना झेपते.

खारा वारा
मी बोटच म्हणतोय. तीही भंगारात जायची होती. युमेनोशिमा तेव्हा कचरा टाकायचं बेट, तिथे ती कुजत पडलेली. लोकांनी आवाज उठवला म्हणून १९७६ मध्ये दालन उभं राहिलं. आणि त्याआधी, तोक्योतल्या सुगिनामी भागातल्या बायकांपासून सुरू झालेल्या अणुबॉम्बविरोधी सह्या ३ कोटींच्या वर गेल्या. हे पोरांना सांगा. बाक हादरवायची गरज नाही.

तुर्भे निवृत्त
ठीक आहे, बोट दाखवा. पण मग पोखरणही दाखवा, १९७४ आणि १९९८, अभिमानानं.

खारा वारा
दाखवू की. पोखरणजवळच्या खेतोलाई गावातल्या घरांच्या भिंतींना गेलेले तडेही त्याच दालनात लावा.

तुर्भे निवृत्त
तडे लावा, हरकत नाही. चाचणी का करावी लागली, तेही शेजारी लिहा. जैतापूरबद्दल माझं मत तेच आहे.

नाट्याची सून
माझंही.