मदत हवी आहे: रेंजफाइंडरमधली दुसरी प्रतिमा फिकी पडली आहे

मंडळी, १९५०च्या दशकातला एक स्क्रू माउंटचा (लेन्स आट्यांवर फिरवून बसवायचा) रेंजफाइंडर कॅमेरा अलीकडेच हाती आलाय; म्हणजे खिडकीतून दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस साधायचा. शटर छान चालतं, पडदेही शाबूत आहेत. अडचण फोकसची आहे. दुसरी प्रतिमा इतकी फिकी झालीय की भर उन्हातही डोळे ताणावे लागतात, शिवाय ती किंचित वर सरकलेली दिसते. दूरच्या खांबावर दोन्ही प्रतिमा आडव्या अंगाने बरोबर जुळतात, पण एक मीटरवर फिल्मवरचा फोकस थोडा मागे पडतो.

१९३२ साली लायका २ या कॅमेऱ्यात रेंजफाइंडर थेट लेन्सला जोडला गेला. लेन्सच्या मागच्या कडेला टेकलेली तरफ, आणि तिच्या हालचालीने सरकणारी प्रतिमा. बॅटरी नाही, काही नाही, नुसता धातू, काच आणि स्प्रिंग! ही कारागिरी पाहून घाईने स्क्रू फिरवायला हात धजत नाही.

दोन्ही प्रतिमा एकत्र दाखवणाऱ्या अर्धपारदर्शक आरशाचा मुलामा उडाला असेल, तर नवा आरसा कुणी स्वतः बसवलाय का? काच किती जाडीची घेतलीत? आधी अनंताचं (अगदी दूरचं) अंतर जुळवायचं की जवळचं? आणि कापसाने पुसलं तर उरलासुरला मुलामाही निघून येईल का? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.