थार रॉक्स फोर बाय फोर : बामणोलीकडच्या कच्च्या चढासाठी मॅन्युअल घ्यावी की ऑटोमॅटिक?

यवतेश्वर_रोड
मंडळी, सल्ला हवाय. राहायला सातारा शहरात, गाव बामणोलीच्या वरच्या अंगाला. डांबरी संपली की घरापर्यंत जांभ्याचा कच्चा चढ आहे, पावसाचं पाणी त्याच रस्त्यावरनं वाहतं त्यामुळं दर वर्षी मधोमध चर पडतो, आणि शेवटचं वळण इतकं अरुंद की गाडी एका दमात वळतच नाही, मागं घेऊन परत मारावी लागते आणि तेपण ऐन चढावर. घरी जुनी टू व्हील ड्राइव्ह बोलेरो आहे, पावसाळ्यात ती खाली लावायची आणि सामान डोक्यावर घेऊन वर जायचं असं वर्षानुवर्षं चाललंय. आता महिंद्राची थार रॉक्स डिझेल फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी) घ्यायचं जवळपास ठरलंय पण गिअरबॉक्सवरनं घरात दोन पार्ट्या झाल्यात. वडील म्हणतात चिखलात आणि घाटात गिअर आपल्या हातात पाहिजे, ऑटोमॅटिक शहरातल्या ट्रॅफिकसाठी. शोरूमवाला ऑटोमॅटिकच घ्या म्हणतो, पण ती महाग पडते म्हटल्यावर तो म्हणणारच. रोज मी चालवणार, पण गावाला बऱ्याचदा आई-वडील दोघंच जातात, वडिलांचं वय ६४ आणि गुडघा दुखतो. खरंच चढ, चिखल, ओढा असं चालवणाऱ्यांनी सांगा, व्हिडिओ बघून बघून डोकं भणाणलंय.

जांभा_आणि_धुकं (पाटण)
तुमच्या त्या शेवटच्या वळणासाठीच मी ऑटोमॅटिक म्हणेन. मॅन्युअलला तिथं काय होतं बघा, चढावर थांबायचं, रिव्हर्स टाकून क्लच सोडत मागं यायचं, परत पहिला, हाफ क्लचवर गाडी धरायची, आणि तेवढ्यात एक चाक चरात गेलेलं असतं आणि दुसऱ्याखाली सुटे खडे. रेस जरा जास्त झाली की चाक जागेवर फिरतं, कमी झाली की इंजिन बंद. हिल होल्ड दोन-तीन सेकंद गाडी धरतो, पण पुढचं काम पायालाच करावं लागतं. ऑटोमॅटिकला फोर लो (चारही चाकांना ताकद, वेग कमी पण जोर जास्त) टाकायचं, ब्रेक हळूहळू सोडायचा, गाडी इंचाइंचानं पुढं सरकते, दगड आला की जरा रेस, चाक वर चढलं की परत ब्रेक. तिच्यात क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो, त्यात ताकद तेलातनं जाते, घट्ट जोड नसतो, त्यामुळं चाक अडलं तरी इंजिन बंद पडत नाही आणि जागेवरनं उचलताना टॉर्क (चाक फिरवणारा जोर) उलट वाढून मिळतो, जवळपास दुपटीपर्यंत.

रॉक्सचं अजून एक म्हणजे डिझेल फोर बाय फोर मॅन्युअलला टॉर्क ३३० एनएम आहे आणि ऑटोमॅटिकला ३७०. इंजिन तेच, ट्यूनिंग वेगळं. शिवाय इंटेलिटर्न म्हणून फीचर आहे, आतल्या बाजूचं मागचं चाक अडवून गाडी कमी जागेत वळवतं, तुम्ही घेताय त्या व्हेरियंटला आहे का ते बुकिंगच्या आधी विचारून घ्या कारण तुमचं वळण त्यासाठीच बनलंय.

ऊसपट्टा_वाळवा
जांभ्यावर ठीक हाय ओ, काळ्या रानात या की एकदा. ऊसतोडीच्या टायमाला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पाणंद फोडलेली असती, दोन्ही बाजूला गुडघाभर चाकोऱ्या, त्यात एक वळवाचा पाऊस पडला की संपलं. काळी माती टायरच्या नक्षीत अशी भरती की ऑल टेरेन टायर (कच्च्या-पक्क्या दोन्हीला चालणारे) दहा फुटांत गुळगुळीत. तिथं इंचाइंचानं गेलं की बसलीच गाडी. फोर लोचा दुसरा टाकायचा, इंजिन एका आवाजात ठेवायचं आणि पार टोकापर्यंत ना रेस सोडायची ना गिअर बदलायचा, चाक फिरत राहिलं तरच नक्षीतली माती फेकली जाती. ऑटोमॅटिक अशा वेळी मधीच वरचा गिअर घेती आणि वेग मोडला की मग बसा ट्रॅक्टरची वाट बघत. आणि बसलीच तर पहिला-रिव्हर्स, पहिला-रिव्हर्स असं झुलवून काढायला मॅन्युअलच पाहिजे, ऑटोमॅटिकला डी (पुढं जायचा गिअर) टाकल्यावर गिअर लागंपर्यंत झोका निघून जातो.

उताराला पण तेच, फोर लोचा पहिला टाकला आणि पाय वर घेतले की इंजिनच गाडीला धरून उतरवतंय. आणि आडरानात बॅटरी बसली तर चार गडी बोलवून ढकलून चालू करता येती. तुमच्या वडिलांचं बरोबर हाय. फोर्सची गुरखा बघा म्हणतो मी, मॅन्युअलच येती आणि पुढं-मागं दोन्हीकडं डिफरेन्शियल लॉक (डावं-उजवं चाक एकत्र बांधणारं) हाय.

जांभा_आणि_धुकं
दादा, मधेच गिअर बदलण्याचा मुद्दा डी मध्ये चालवलं तर खरा. लिव्हर मॅन्युअल मोडला घेऊन दुसरा लावला की बहुतेक वेळा तो तसाच राहतो, फार रेस झाली तरच वर जाईल. झुलवून काढायचं मात्र मान्य, तिथं मॅन्युअलला तोड नाही.

स्पॅनर_१३ (कराड)
गॅरेजच्या बाजूनं सांगतो. आधी ऑटोमॅटिक कुठली ते बघायचं, लोक सगळ्या एकाच माळेत ओवतात. एएमटी म्हणजे मॅन्युअलचाच गिअरबॉक्स आणि तोच सुका क्लच, फक्त दाबायला मोटर बसवलेली, चढावर थांबत थांबत गेलं की तोच क्लच जळणार. डीसीटीलाही (दोन क्लचवाली ऑटोमॅटिक) हळू रांगणं मानवत नाही, क्लच तापतो आणि डॅशबोर्डवर वॉर्निंग येते. थार, रॉक्स, मारुतीची जिम्नी या तिन्हींत टॉर्क कन्व्हर्टर आहे, त्यामुळं वरची सगळी चर्चा त्याच्यापुरतीच धरा. जिम्नीचा जुन्या पद्धतीचा ४ स्पीड आहे, थार-रॉक्सचा ६ स्पीड.

कन्व्हर्टरचा शत्रू म्हणजे उष्णता. चाक अडलंय आणि तुम्ही रेस देत बसलाय, तेव्हा ती सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. टेंपरेचर वाढलं तर न्यूट्रल करून इंजिन चालू ठेवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं, बंद केलं तर पंप थांबतो आणि तेल कूलरकडं फिरत नाही. असं वापरणाऱ्यानं गिअरबॉक्सचं तेल पुस्तकातल्या मुदतीच्या आधीच बदलावं. मॅन्युअलला क्लच जातो, पण प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग कुठल्याही तालुक्याला मिळतं आणि बदलणारा माणूसही मिळतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आतनं गेला तर पुणे गाठावं लागतं. हा फरक मोठा आहे, पण नीट वापरली तर तो दिवस क्वचितच येतो.

वाळव्याच्या दादांच्या ढकलण्याबद्दल, ऑटोमॅटिकला ते जमतच नाही, जंप केबल किंवा बॅटरी पॅक गाडीतच ठेवायचा. बंद ऑटोमॅटिक चाकं जमिनीवर ठेवून ओढायची नाही, आत तेल फिरत नाही आणि बॉक्स खराब होतो, ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा डबा) न्यूट्रल असेल तर ते टाकायचं नाहीतर सरळ फ्लॅटबेड. ओढा ओलांडताना मॅन्युअलवाल्यानं पाण्यात क्लच दाबायचा नाही, प्लेटमध्ये पाणी-गाळ शिरला की घसरते. ऑटोमॅटिकला हा प्रश्न नाही, पण खोल पाण्यातनं गेल्यावर तेल एकदा तपासून घ्यायचं, दुधाळ दिसलं की गाडी चालवायचीच नाही. आणि चढावर बंद पडलेली मॅन्युअल गिअरमध्येच ठेवून क्लच न दाबता स्टार्टर मारून उचलायची, ही जुन्या जीपवाल्यांची युक्ती नव्या गाड्यांत चालत नाही, क्लच दाबल्याशिवाय स्टार्टरच फिरत नाही.

वाईचा_घाट
एकच विचारतो, वडिलांचा कुठला गुडघा दुखतो? डावा असेल तर पुढची चर्चाच नको. पसरणी घाटात सीझनच्या रविवारी मॅन्युअल चालवून बघा, वर पोचेपर्यंत चांगल्या माणसाचा डावा पाय थरथरतो.

आणि विषय निघालाच आहे तर नवीन फोर बाय फोर घेणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून विनंती, गाडी आली म्हणून कासच्या किंवा चाळकेवाडीच्या सड्यावर (जांभ्याच्या पठारावर) घालू नका. जांभ्यावर मातीचा थर बोटभर असतो, फुलं येतात ती त्याच्यातच, एकदा टायर फिरला की थर पहिल्या पावसात वाहून जातो आणि खाली नुसता दगड राहतो. कास तर २०१२ ला युनेस्कोच्या यादीत गेलेली जागा आहे आणि लोक तिथं रील काढायला चाकं फिरवतात. बघून जीव तुटतो.

यवतेश्वर_रोड
सगळ्यांचे आभार. गुडघा डावाच आहे, आणि मी विचारेपर्यंत वडिलांनी कधी सांगितलंच नव्हतं की बोलेरोचा क्लच दाबताना दुखतं म्हणून. सड्याचं म्हणाल तर आमचा रस्ता घरापुरताच आहे, आणि तिकडं चाकं फिरवणाऱ्यांचा राग आम्हा गाववाल्यांना तुमच्याइतकाच येतो. आमच्याकडं काळी माती नाही, सगळा जांभा आणि खडे, त्यामुळं ऑटोमॅटिककडं कल झालाय. वडिलांची एकच शंका राहिली, उताराची. वरनं खाली येताना डाव्या हाताला दरी आहे, ऑटोमॅटिक उतारावर पळते असं त्यांनी ऐकलंय.

जांभा_आणि_धुकं
डी मध्ये ठेवली तर पळते, खरंय. उतार सुरू व्हायच्या आधी सपाटीला पूर्ण थांबून, न्यूट्रल करून फोर लो टाकायचं, मग लिव्हर मॅन्युअल मोडला आणि पहिला गिअर. फोर लोमध्ये बहुतेक गाड्यांत दोन ते अडीच पट रिडक्शन मिळतं त्यामुळं गाडी चांगली धरते. मॅन्युअलइतकी घट्ट धरणार नाही, कन्व्हर्टर थोडा घसरतोच, म्हणून हिल डिसेंट कंट्रोल चालू ठेवायचा, तो चाकागणिक ब्रेक लावत उतरवतो, मधून किरकिर आवाज येतो त्याला वडिलांनी घाबरायचं नाही. पाय सतत ब्रेकवर ठेवायचा नाही, थोडा दाबून सोडून, दाबून सोडून. उतारावर न्यूट्रल कधीच नाही.

बुकिंगच्या आधी शोरूमला सांगा की टेस्ट ड्राइव्ह हायवेवर नको, एखाद्या कच्च्या चढाला गाडी आणा, आणि स्टिअरिंगला तुम्ही नाही, वडील बसू देत. फोर लो स्वतःच्या हातानं टाकू देत, चढावर थांबवून परत उचलू देत, मग पहिल्या गिअरात उतरवू देत. दोन्ही गिअरबॉक्स त्याच चढावर मिळाले तर उत्तमच.

ऊसपट्टा_वाळवा
डावा गुडघा म्हटल्यावर माझं काय म्हणणं न्हाई, ऑटोमॅटिकच घ्या. फक्त कंपनीच्या टायरवर चिखलात जाऊ नका, ऑल टेरेन घाला. कच्च्याला लागताना हवा वीस पीएसआयपर्यंत उतरवा, आणि डांबरीला लागायच्या आधी भरायला बारा व्होल्टचा पंप गाडीतच ठेवा.