तरुणपणीची कामं आणि जुनी कॅसिनोची गावं: तुमच्या आठवणी लिहा

रानजाई
बेसमेंट आवरतेय, आज चौथा दिवस. घर विकायचं नक्की झालंय. आईच्या ट्रंकेत तळाशी फुलवाती सापडल्या, आणि त्या कशात ठेवल्या होत्या तर अटलांटिक सिटीच्या ताजमहाल कॅसिनोच्या प्लास्टिकच्या कपात! नाणी भरायला द्यायचे तो कप. आई जाऊन ६ वर्षं झाली, वाती तशाच आहेत, एकीला एक न चिकटलेल्या. मी पायरीवर बसले ते अर्धा तास उठलेच नाही.

१९९० चा उन्हाळा. ८८ ला आम्ही दादरहून आत्याकडे न्यू जर्सीला आलो, मी कम्युनिटी कॉलेजला, वय १९, आणि फीचे पैसे हवे होते. बोर्डवॉकवर टॅफीच्या दुकानात काम मिळालं. व्हेंटनरला एका पोलिश आजींच्या पोटमाळ्यावर आम्ही तिघी मुली राहायचो, सकाळी जिटनी पकडायची, ती १३ सीटवाली छोटी बस, आणि दिवसभर काचेमागे उभं राहून डबे भरायचे. सॉल्ट वॉटर टॅफी म्हणतात पण त्यात समुद्राचं पाणी नसतं, हे मी रोज शंभरदा तरी सांगितलं असेल. संध्याकाळी केसांना पेपरमिंटचा वास आणि चपलेत वाळू. बोर्डवॉक मुळात बांधलाच होता १८७० मध्ये तो ही वाळू हॉटेलात आणि आगगाडीच्या डब्यात जाऊ नये म्हणून. माझ्या चपलेपुरता काही उपयोग झाला नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये ताजमहाल उघडलं होतं. कांद्याच्या आकाराचे घुमट, दाराशी फेटे बांधलेले गोरे दरवान. बाबा पहिल्यांदा मला भेटायला आले तेव्हा समोर उभं राहून खूप वेळ बघत बसले आणि म्हणाले, आग्र्याला जायचं राहिलं ते राहिलंच, निदान हे तरी झालं. त्यांना खरंच आनंद झाला होता.

पुढच्या उन्हाळ्यात एका कॅसिनोत सुट्टे द्यायचं काम केलं. मला तिथे खेळायला बंदी कारण २१ पूर्ण नव्हती, काम करायला मात्र चालत होतं. ४० क्वार्टरचा एक रोल, १० डॉलरचा. कमरेला २०० डॉलरची क्वार्टर घेतली की साडेचार किलो. बोटं काळी व्हायची, साबणाने जायची नाहीत. आई फोनवर रोज विचारायची जेवलीस का, आणि मी हो म्हणायचे.

कुणी केलंय असं काम? अटलांटिक सिटी, वेगस, रीनो, गोवा, कुठेही. लिहा ना.

चिंचगुळ
अगं किती सुंदर लिहिलंयस. आई म्हटलं की संपलंच. वाचताना भाजी लागली माझी खाली

शिवडीकर
रानजाई, तुम्ही माझी सगळी रात्र परत आणलीत. मी १९८५ ते २०१४ डीलर होतो तिथेच, म्हणजे टेबलावर खेळ चालवणारा, पैसे घेणारा-देणारा. कॅसिनोचं नाव लिहीत नाही.

बीएस्सी करून आलो, पहिलं वर्ष पेट्रोल पंपावर गेलं. मग डीलर स्कूलची जाहिरात दिसली. तिथे आधी ब्लॅकजॅक शिकवलं, तो पत्त्यांचा २१ चा खेळ, मग रूलेट, म्हणजे आकड्यांच्या फिरत्या चाकावर बॉल टाकायचा खेळ. चिप्स हातात खेळवायची सवय व्हावी म्हणून घरी कॅरमच्या सोंगट्या घेऊन बसायचो, पाच पाचच्या गड्ड्या एका हाताने पाडायच्या, बायको झोपलेली आणि मी टकटक टकटक. राज्याचं लायसन काढावं लागायचं, बोटांचे ठसे घेतले तेव्हा घाबरलो होतो, आपण काही गुन्हा केला नाही तरी घाम फुटतो.

आता खरं सांगायचं ते. रूलेटमध्ये एका आकड्यावर लावलं तर ३५ पट, दोन आकड्यांच्या मधल्या रेघेवर १७ पट, तिघांवर ११, चौघांवर ८. बॉल पडला की टेबलावर चिप्सचा डोंगर असतो आणि सगळा हिशोब तोंडी, लगेच, वर कॅमेरा, मागे पिट बॉस, टेबलांवर लक्ष ठेवणारा साहेब. माझ्या बॅचमधली पोरं १७ चं टेबल कागदावर लिहून बाथरूममध्ये पाठ करायची. मला शिवडीच्या म्युनिसिपल शाळेत गुरुजींनी ३० पर्यंत पाढे घोकून घेतलेले. सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक अडुसष्ट, सतरा पंचे पंच्याऐंशी. आणि ब्लॅकजॅक लागला की दीडपट द्यायचे, म्हणजे दीडकी! १५ लावले तर साडेबावीस. इन्स्पेक्टरने विचारलं तू आधी कुठल्या कॅसिनोत होतास, मी म्हटलं शिवडीला.

गुरुजींना हे कळवायचं राहिलं. पत्र लिहीन लिहीन म्हणत ९३ साल आलं आणि ते गेल्याचं कळलं. ती एक गोष्ट मनातून जात नाही.

अनघा_एडिसन
काका 🙏 पाढ्यांचं वाचून अंगावर काटा आला. माझ्या मुलाला आत्ताच्या आत्ता वाचून दाखवलं, तो म्हणतो १७ चा पाढा कशाला लागतो.

आमचा अनुभव कामाचा नाही, बसचा. सासूबाई ९६ ला सहा महिने आल्या होत्या, दिवसभर घरात, गाडी नाही, टीव्हीवर काही कळत नाही. शेजारच्या गुजराती मासी त्यांना घेऊन कॅसिनोच्या बसने जायला लागल्या. तिकिटाचे पैसे दिले की तिकडे उतरल्यावर क्वार्टरच्या रोलचं कुपन मिळायचं, त्यामुळे जवळपास फुकटच. दोन तास जायचं दोन तास यायचं. सासूबाईंनी एकदाही मशीनला हात लावला नाही. कुपनचे पैसे घेऊन बाकावर बसायच्या समुद्राकडे तोंड करून, डब्यातली थालीपीठं खायच्या, पाच वाजता बस. सहा महिन्यांत साठवलेल्या क्वार्टरमधून त्यांनी सगळ्या नातवंडांना स्वेटर घेतले. म्हणायच्या तुमच्या अमेरिकेत मला आवडलेली एकच जागा, तिथे समुद्र आहे आणि कुणी उठ म्हणत नाही.

मालवणीमाणूस
मी सावंतवाडीचो. गोव्यात मांडवीवर जे तरंगते कॅसिनो आहेत तिकडे २००९ ते ११ स्टुअर्ड होतो, वय २१. पणजीच्या जेटीवरून छोट्या बोटीने नेतात मोठ्या बोटीवर, पावसाळ्यात ती छोटी बोट अशी हलायची की पहिल्या आठवड्यात ट्रे धरायच्या आधी दांडी धरायला शिकलो. राहायला पलीकडे बेतीला चौघांत एक खोली. फेरीबोट, पायी जाणाऱ्याला फुकट. पहाटे शिफ्ट सुटली की पहिल्या फेरीत आम्ही सगळे, बूट हातात, टाय खिशात, आणि समोरून मासे घेऊन येणाऱ्या बायका. त्या आम्हाला बघून म्हणायच्या आयले रे राजे. आतमध्ये रात्रभर एका टेबलावर माझ्या वर्षाच्या पगाराएवढे पैसे जाताना बघायचो आणि बाहेर दहा रुपयांचा पाव दोघांत. कंत्राटदाराने शेवटचे दोन पगार दिले नाहीत ते नाहीच. पण बरां वाटता आठवून, खोटा कशाला बोलू. त्या चौघांपैकी एकाच्या मुलीच्या बारशाला परवाच जाऊन आलो.

घाटपायथा
गोव्याच्या लोकांना आता आत जाता येत नाही ना कॅसिनोत?

मालवणीमाणूस
हो, १ फेब्रुवारी २०२० पासून. कामाला असतील ते जातात, खेळायला नाही. माझ्या मते बरां झाला. मी दोन घरं बघितली त्यात गेलेली.

शिवडीकर
मालवणीमाणूस, अगदी. टेबलाच्या या बाजूला उभं राहिलं की ते दिसतंच. एक बाई यायच्या, नेहमी माझ्याच टेबलावर, हसतमुख, नातवाचे फोटो दाखवायच्या. एका पहाटे त्यांनी अंगठी काढून विचारलं ही चालेल का. नाही म्हणावं लागलं. मी त्या दिवसानंतर आयुष्यात एक लॉटरीचं तिकीटसुद्धा घेतलं नाही. नोकरीने घर दिलं, दोन मुलांची कॉलेजं झाली, मी तिचा ऋणी आहे, आणि तरी ती बाई आठवते.

वाळवंट
लास वेगस. हॉटेल मॅनेजमेंट शिकायला आलो ९५ ला, तिकडची युनिव्हर्सिटी त्यासाठीच प्रसिद्ध. प्रॅक्टिकल ट्रेनिंग एका जुन्या हॉटेलच्या फ्रंट डेस्कवर, रात्री ११ ते सकाळी ७. तेव्हा तिथे जुनी हॉटेलं पाडायचा धडाका होता, ९५ ला लँडमार्क, ९६ ला सँड्स, आणि ३१ डिसेंबर ९६ च्या रात्री हॅसिएंडा. ते रात्री ९ वाजता पाडलं कारण न्यूयॉर्कला तेव्हा बारा वाजतात, टीव्हीवर नवं वर्ष म्हणून दाखवायला. आमच्या लॉबीत टीव्ही लावला होता. हाऊसकीपिंगची एक मेक्सिकन मावशी माझ्या शेजारी उभी होती, तिने त्या हॉटेलात ११ वर्षं खोल्या आवरलेल्या. लोक टाळ्या वाजवत होते, ती हळू आवाजात मजल्यांचे आकडे म्हणत होती. मला तेव्हा २३ व्या वर्षी कळलं नाही तिला काय म्हणावं. नुसता उभा राहिलो.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ट्रॉपिकाना पाडलं, १९५७ चं होतं ते. भारतात दुपार होती, मी पुण्यात ऑफिसात फोनवर बघितलं आणि तीच आठवली. बाकी नंतर लिहितो, मीटिंग आहे

चिंचगुळ
टॅफी म्हणजे आपली चिक्की का गं?

रानजाई
नाही गं, चिक्की कडक. ही मऊ, चघळायची. जत्रेत रेवडीचा पाक खिळ्याला अडकवून ओढतात ना, तसंच मशीन ओढतं, हवा मिसळते आणि रंग फिका होत जातो. लहान मुलं काचेला नाक लावून तासभर उभी राहायची.

शिवडीकर काका, तुमचं सगळं दोनदा वाचलं. तुम्ही डीलर लोक टेबल सोडताना टाळी वाजवून हात उलटे करून दाखवायचे ना? आम्ही सुट्टेवाल्या मुली लांबून बघायचो, आम्हाला वाटायचं प्रार्थना आहे.

शिवडीकर
हो हो. हातात चिप लपवली नाही हे कॅमेऱ्याला दाखवायचं. खिसेच नसायचे आम्हाला. आणि टिप स्वतःची नाही, सगळी एका डब्यात, मग वाटणी. ती टाळी अजून जात नाही अंगातून. देवपूजा झाली की उठताना हात तसेच होतात, नात म्हणते आजोबा देवाला काय दाखवता. मी म्हणतो, काही घेतलं नाही हे.

घाटपायथा
मी कॅसिनो पाहिलेलाही नाही पण लिहितोच. १९८३, दहावीनंतरची मे महिन्याची सुट्टी, माथेरानला काकांच्या ओळखीच्या लॉजवर. नेरळहून झुकझुक गाडी आली की स्टेशनवर धावत जायचं, गिऱ्हाईक आपल्या लॉजला आणायचं, सामान डोक्यावर. गाड्या नाहीत तिथे त्यामुळे लाल मातीत पायी. रोज ५ रुपये आणि जेवण. जेवणात रोज बटाटा. एका मुंबईच्या आजींनी जाताना मला त्यांचं वापरलेलं पण चालू घड्याळ दिलं, एचएमटी, ते बारावीपर्यंत वापरलं. सुट्टीच्या गावात काम करणाऱ्याला सुट्टी दिसत नाही, फक्त सामान दिसतं, हे वडिलांना सांगितलं तर म्हणाले बस झालं आता अभ्यासाला लाग.

अनघा_एडिसन
घाटपायथा बटाटा 😄 आमच्या लॉजमध्ये पण बटाटाच होता.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचं, म्हणजे इकडच्या सगळ्या मराठी मंडळांचं, अधिवेशन अटलांटिक सिटीतच होतं, कोण कोण गेलं होतं? मी नऊवारी नेसून बोर्डवॉकवर गेले, ढकलखुर्चीवाला मुलगा म्हणाला मॅम बसा. ती वेताची चाकांची खुर्ची. सासूबाई ज्या बाकावर बसायच्या तो शोधत होते, नाही सापडला, सगळे बाक सारखेच दिसतात. मग कुठल्याही एकावर बसले.

रानजाई
मी पण होते! ताजमहालच्या जागी आता गिटारवालं हॉटेल, हार्ड रॉक, २०१८ पासून. घुमट गेले. मी नवऱ्याला दाखवत होते बाबा इथे उभे होते, इथे, या खांबापाशी. खांब पण नवीन होता.

चिंचगुळ
ते व्यापार खेळायचो त्याचं मूळ या गावात आहे म्हणे?

शिवडीकर
बरोबर. इंग्रजी मोनोपॉलीच्या पटावरचे रस्ते अटलांटिक सिटीचे आहेत. बोर्डवॉक सगळ्यात महाग, मेडिटरेनियन आणि बाल्टिक सगळ्यात स्वस्त. मी पहिली २ वर्षं बाल्टिक अव्हेन्यूजवळ राहिलो, भावाने मुंबईहून विचारलं पत्ता काय, मी लिहिलं, तो म्हणाला तुला पटावरची स्वस्तातली जागा मिळाली.

आणि १४ सालचं लिहायचं होतं. १२ पैकी ४ कॅसिनो एका वर्षात बंद झाले. शेजारच्या राज्यांत कॅसिनो निघाले, लोक इतक्या लांब कशाला येतील. त्याआधी २०१२ चं सँडी वादळ. शेवटच्या शिफ्टला माझ्या टेबलावर कोणीच नव्हतं. नियम म्हणून पत्ते पंख्यासारखे पसरून ठेवायचे आणि उभं राहायचं. ४० मिनिटं उभा होतो. मग रिलीफला मुलगी आली, मी टाळी वाजवली, हात दाखवले, निघालो. पार्किंगमध्ये समुद्राचा आवाज येत होता, २९ वर्षांत तो मला कधी ऐकूच आला नव्हता.

चिंचगुळ
काका 🙏🙏

मालवणीमाणूस
काकानू तुम्ही लिहित राहा. सावंतवाडीक येवा कधीतरी, माझ्याकडे राहा.

वाळवंट
मीटिंग संपली. काकांचं वाचून परत मावशी आठवल्या. त्या आम्हा पोरांना पहाटे तीन वाजता फॉइलमध्ये गुंडाळलेल्या टॉर्टिया द्यायच्या, आत बटाट्याची भाजी, मिरची घातलेली. पहिला घास खाल्ला तेव्हा मला आईच्या पोळीभाजीचा डबा आठवला होता आणि मी डेस्कमागे खाली वाकून रडलो होतो, हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

घाटपायथा
बघा, शेवटी सगळीकडे बटाटाच.

शिवडीकर
रानजाई, टॅफीचं दुकान स्टील पिअरच्या, त्या समुद्रात गेलेल्या धक्क्याच्या, बाजूला होतं का? ९० मध्ये मोठी मुलगी तीन वर्षांची होती, पगाराच्या दिवशी तिच्यासाठी पाव पौंड घ्यायचो, गुलाबी वेगळ्या काढून द्या म्हणून सांगायचो.

रानजाई
काका, स्टील पिअरच्या अलीकडे, तीन दुकानं सोडून. गुलाबी वेगळ्या मागणारे खूप असायचे हो, पण मराठी बोलणारं कुणी आलेलं आठवत नाही. तुम्ही इंग्रजीतच बोलला असाल ना? मीही तशीच बोलले असेन.

मुलगा खोकी न्यायला आलाय, ट्रक उद्या सकाळी ८ ला. फुलवाती मोजल्या, ४३ आहेत. कप गाडीत माझ्या पायाशी ठेवतेय, खोक्यात नाही.